आधी ‘इतर हक्क’ वाचा

अ‍ॅपवर जोडीदार शोधणारे तमाम तरुण-तरुणी,
रा. पुणे, ठाणे, नाशिक, बंगळुरू व इतरत्र, यांसी,

गुंठाभर जागा घ्यायची म्हटली की तुम्ही आमच्याकडे धावत येता. तीस वर्षांचा सर्च काढा म्हणता, मोजणी मागवता, चारही बाजूंचे शेजारी कोण ते विचारता आणि तरी मामांना दाखवून सांगतो म्हणून विसार लांबवता. माणूस मात्र तीन फोटो आणि ‘फिरायला आवडतं’ एवढ्या मजकुरावर पसंत करता. दिवाणी बाजूचे आम्ही वकील या प्रकाराने अस्वस्थ आहोत. (कौटुंबिक न्यायालयातले आमचे बंधू अजिबात अस्वस्थ नाहीत. त्यांचं उत्तम चाललंय.) सबब हे पत्र.

प्रथम फोटो. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला पिकाचा फोटो शेतात उभं राहून, त्याच हंगामात काढावा लागतो. गेल्या वर्षीचा कापूस दाखवून यंदाचं सोयाबीन नोंदवता येत नाही. तुमच्या प्रोफाइलवर मात्र सहा वर्षांपूर्वीचं गोव्यातलं पीक अजून डोलतंय. जागेवर जाऊन पाहावं, तर माथ्यावर पड जमीन.

मग भोगवट्याचा वर्ग. वर्ग १ ची जमीन मालक आपल्या मर्जीने देऊ शकतो. वर्ग २ ला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, वर नजराणा. चहा घ्यायचा की कॉफी, यावर ‘आईला विचारून सांगतो’ म्हणणारा मुलगा कोणत्या वर्गातला, हे ओळखायला तलाठी लागत नाही. अशी जमीन घेऊच नये असं मी म्हणत नाही; चांगल्या चांगल्या घरांनी घेतली आहे. फक्त परवानगी आधी, विसार नंतर. आणि नजराणा पैठणीपासून सुरू होतो.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जुन्या कुळाचं नाव, सगळं तिथे. हा रकाना कोरा दिसला की नवखं गिऱ्हाईक हरखतं आणि आम्ही चष्मा पुसतो. नोंद नाही म्हणजे बोजा नाही असं नव्हे. फेरफार अजून मंजूर व्हायचा असेल, कुणाची तरी हरकत पडून असेल. ‘माझ्या आयुष्यात आधी कुणीच नव्हतं’ असं सांगणाऱ्याबद्दल मला एवढीच शंका येते, की या जमिनीवर आजवर एकाही सोसायटीने कर्ज का दिलं नाही?

आता खरा मुद्दा, पोटखराब क्षेत्र. प्रत्येक गटात थोडंफार निघतंच. तुम्हाला ते चालत नाही, तुम्हाला बांधापासून बांधापर्यंत काळी कसदार हवी. तशी जमीन मी पाहिली आहे. ती विकायला नसते. पोटखराबाचेही दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडक, घळी, लागवडीला नालायक. पण कष्ट करून ती लागवडीखाली आणली तर तशी नोंद करून घेता येते. घोरणं, ओला टॉवेल गादीवर टाकणं, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं ही ‘अ’ वर्गातली कामं. जेसीबी लावा, माती भरा, दोन-चार हंगामांत काहीतरी उगवेल. ‘ब’ वर्ग म्हणजे लोकांच्या वहिवाटीचा रस्ता, पिण्याच्या पाण्याची जागा, स्मशान. तिथे नांगर घालायचा नाही. तिचा रोज रात्री नऊला बहिणीला जाणारा फोन, त्याची शाळासोबत्यांबरोबरची रविवारची मिसळ, ही ‘ब’ वर्गातली वहिवाट. ती तुमच्या आधीपासून आहे. माझ्याकडे येणारे निम्मे तंटे हे ‘ब’ला ‘अ’ समजून नांगरणाऱ्यांचे असतात, आणि ते नेहमी हरतात.

‘फक्त मित्र’ या सदरातल्या मंडळींसाठी एक कटू बाब. तिला रोज स्टेशनवर सोडता म्हणून बारा वर्षांनी हक्क लागेल, या भ्रमात राहू नका. प्रतिकूल ताब्याला बारा वर्षं पुरतात, पण परवानगीने घेतलेला ताबा कितीही वर्षं चालला तरी परवानगीचाच राहतो.

आणि ‘बघू, कुठे जातंय’ असं मोघम ठेवणाऱ्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ वाचावं. अकरा महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत लागतो. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. घरमालकाने उलट सिद्ध करत बसायचं. तुमच्यातला घरमालक कोण, हे एकदा ठरवून घ्या.

तरी हे पत्र प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांच्या आत ज्या कुणाची वरील सल्ल्यास हरकत असेल, त्यांनी ती मूळ कागदपत्रांसह आमच्या कार्यालयात समक्ष नोंदवावी. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून स्वीकारले जाणार नाहीत. मित्राने लिहून दिलेले प्रेमसंदेश सादर करणाऱ्याने त्या मित्राच्या नावचं कुलमुखत्यारपत्र जोडावं.

आपला,
एक दिवाणी वकील