त्याआधी एक वाचायला हवं

पुण्या-ठाण्याकडच्या इंग्रजी फॅन्टसी वाचणाऱ्यांच्या कुठल्याही घोळक्यात हा गृहस्थ एक तरी असतोच. वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, पाठीला सॅक. सॅकमध्ये कडा पिवळ्या पडलेलं एक पेपरबॅक, आणि त्याच्या मुखपृष्ठावर तलवार, चंद्र आणि ड्रॅगन यांपैकी किमान दोन गोष्टी. गृहकर्ज, मुलांच्या ॲडमिशन, गुडघेदुखी, यांतल्या कशाबद्दलही मत विचारलं तर तो "बघू" म्हणतो. पण "फॉरगॉटन रेल्म्स वाचायचंय, सुरुवात कुठून करू?" एवढं कुणी विचारलं की तो हातातला चहा खाली ठेवतो. मंडळी त्याला क्रमशास्त्री म्हणतात. त्याला ते मनातून आवडतं.

विचारणारं बहुधा विशीतलं पोर असतं. 2023 साली 'बाल्डर्स गेट 3' हा खेळ आला, त्याच वर्षी 'ऑनर अमंग थीव्ज' हा सिनेमा आला, आणि या पोरांना त्यांतल्या फॉरगॉटन रेल्म्स या कल्पित दुनियेचा लळा लागला. त्यांना वाटतं, पाच-सहा पुस्तकं असतील, दिवाळीच्या सुट्टीत उरकू. पण प्रकरण तेवढं साधं नाही. एड ग्रीनवुड नावाच्या कॅनडातल्या एका मुलानं 1960च्या दशकात स्वतःच्या गोष्टींसाठी ही दुनिया रचायला घेतली. 1987 साली टीएसआर कंपनीनं ती 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी बाजारात आणली. मग एकेका लेखकानं यावं, नकाशावरचा एखादा मोकळा कोपरा धरावा, तिथं राज्य वसवावं आणि जमलं तर ते बुडवूनही दाखवावं, असा प्रघात पडला. कादंबऱ्या अडीचशेच्या वर गेल्या. नकाशा एकच, देव सामाईक आणि पसारा आवरायला कुणी नाही. ती जबाबदारी क्रमशास्त्र्यानं स्वतःहून अंगावर घेतली आहे.

"दादा, ड्रिझ्टपासून करू का? सगळे तेच सांगतात."

क्रमशास्त्री मंद हसतो. ड्रिझ्ट म्हणजे जमिनीखालच्या दुष्ट शहरातून बाहेर पडलेला, दोन तलवारी चालवणारा, सज्जन डार्क एल्फ. आर. ए. साल्व्हाटोरे यांनी त्याच्यावर तीसहून अधिक पुस्तकं लिहिली आहेत.

"कर की. पण छापल्याच्या क्रमानं की घडल्याच्या? 'द क्रिस्टल शार्ड' 1988चं. त्याचं लहानपण सांगणारं 'होमलँड' 1990चं. 'होमलँड' आधी वाचलंस तर 'क्रिस्टल शार्ड'मधलं गूढ संपलं. 'क्रिस्टल शार्ड' आधी घेतलंस तर लेखक तेव्हा नवशिका होता, तू तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटशील."

"मग काय करू?"

"आधी जरा पार्श्वभूमी करून घे."

इथं पोराची दिवाळी संपते. पार्श्वभूमी म्हणजे डग्लस नाइल्सचं 'डार्कवॉकर ऑन मूनशे', कारण या दुनियेतली ती पहिली कादंबरी. मग 1989ची 'अवतार' त्रयी, कारण तिच्यात देवांनाच स्वर्गातून हाकलून पृथ्वीवर पायी फिरायला लावलंय. ती वाचली नाही तर पुढच्या पुस्तकांत काही देव बदललेले का दिसतात ते कळत नाही. त्या त्रयीवर रिचर्ड ऑलिन्सन असं लेखकाचं नाव आहे. "असा माणूसच नाही," क्रमशास्त्री आवाज खाली आणून सांगतो. "पहिली दोन स्कॉट सिएन्सिनची, तिसरं ट्रॉय डेनिंगचं. हे लक्षात ठेवून वाच, म्हणजे फरक जाणवेल." पोरानं अजून एकही पान उलटलेलं नसतं आणि त्याला फरक जाणवायला लागतो.

भटजींनी मुहूर्त काढावा, तसा तो पुस्तकं काढतो. त्या दुनियेची स्वतःची कालगणना आहे आणि ती त्याला तोंडपाठ आहे. देव खाली उतरले ते साल 1358. जादूचा भडका उडून अर्धा नकाशा विस्कटला ते 1385. मग 2008 साली खेळाची चौथी आवृत्ती आली आणि कथेनं शंभरेक वर्षांची उडी मारली. ओळखीची सगळी माणसं एका रात्रीत म्हातारी झाली किंवा गेली. हे सांगताना त्याचा गळा दाटतो. स्वतःच्या लग्नाचं साल विचारलं तर मात्र तो बायकोकडे बघतो.

त्याच्याकडे एक एक्सेल शीट आहे. हिरव्या ओळी 'अत्यावश्यक', पिवळ्या 'घाई असेल तर', लाल 'वाचली नाहीत तरी चालतील'. लाल ओळींपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे 'पण वाचावीत' असं लिहिलंय. 'वॉर ऑफ द स्पायडर क्वीन' या मालिकेचे सहा भाग सहा वेगवेगळ्या लेखकांनी लिहिले. त्यावर त्याचा निवाडा असा: "पहिला आणि शेवटचा वाच. मधले चार मात्र सोडू नकोस."

एका वाढदिवसाच्या जेवणात दोन क्रमशास्त्री शेजारी बसले. दुसरा इलेन कनिंगहॅमच्या पंथाचा. त्याचं म्हणणं, ड्रिझ्ट हा पर्यटकांचा रस्ता आहे. खऱ्या वाचकानं 'एल्फशॅडो'नं सुरुवात करावी, फार तर 'ॲझ्युअर बाँड्स'नं. पहिला म्हणाला, "अहो, पण काळाच्या हिशेबानं?" दुसरा म्हणाला, "काळाचा हिशेब ज्यांना गोष्ट कळत नाही त्यांच्यासाठी." पनीर गार झालं. ज्याच्यासाठी हा वाद चालला होता तो मुलगा हात धुवायला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

2021 साली, तोवर खेळ ज्या दुसऱ्या कंपनीकडे गेला होता, तिनं सांगून टाकलं, की खेळाच्या पाचव्या आवृत्तीपुरतं बोलायचं तर कादंबऱ्यांत घडलेलं अधिकृत धरायचं नाही. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. यानं शीटमध्ये एक नवा रकाना घातला: 'कंपनीला मान्य नाही, पण घडलंय'.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र साल्व्हाटोरेंची आहे आणि ती तो रंगवून सांगतो. या दुनियेत कादंबरी लिहायची म्हणून त्यांच्याकडे आलं ते नाइल्सचं लिखाण. मूनशेची बेटं म्हणजेच सगळी दुनिया, असं समजून त्यांनी गोष्ट तिथंच बसवली. मग कळलं की बेटं हा नकाशाचा एक कोपरा आहे, तेव्हा सगळं उचलून पार उत्तरेच्या बर्फात नेलं. नायक ठरला होता वुल्फगार नावाचा रानदांडगा. त्याला जोडीदार हवा म्हणून संपादिकेनं फोनवर तगादा लावला, आणि यांनी त्याच फोनवर, विचार न करता, एक डार्क एल्फ पुढं केला. तोच ड्रिझ्ट!

"म्हणजे लिहिणाऱ्यालाच आधीचं फारसं माहीत नव्हतं?" पोर आशेनं विचारतं.

"तेच तर सांगतोय. म्हणून तू आधी मूनशे वाच."

त्याच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, की तो पुस्तकं उसनी देतो, तीही आजकाल सहज न मिळणारी, प्लास्टिकचं कव्हर घातलेली. फक्त पहिला भाग परत करताना तो तोंडी परीक्षा घेतो आणि पास झाल्यावरच दुसरा देतो. आपल्याला मिळालेला आनंद दुसऱ्यालाही मिळावा, असं त्याला मनापासून वाटतं. पण तो धक्काबुक्कीत, वाट चुकून, निम्मं न कळता मिळाला होता, हे त्यातून वगळावं, एवढाच त्याचा आग्रह.

पोरं हुशार असतात. एकानं रस्त्यावरच्या ढिगातून हाताला लागलं ते 'स्ट्रीम्स ऑफ सिल्व्हर' उचललं, म्हणजे 'क्रिस्टल शार्ड'पासून सुरू होणाऱ्या त्रयीतलं मधलं. रात्रभर जागून संपवलं आणि सकाळीच फोन केला. "दादा, कोण कुणाचा कोण ते निम्मं कळलं नाही, पण कसलं भारी आहे!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग क्रमशास्त्री मोठ्या मनानं म्हणाला, "हरकत नाही. अजून वेळ गेलेली नाही. वाचलंस ते विसरून जा, मी शीट पाठवतो."