पेटी खरी कोणाची?

हिंगोलीच्या माणसाला प्रदर्शन म्हणजे काय हे कोणी शिकवू नये. दसरा आला की आमच्या रामलीला मैदानावर प्रदर्शनी भरते. तिथे आकाशपाळणे असतात, मौत का कुआँ असतो, पातेल्यापासून पलंगपोसापर्यंत सगळं विकायला असतं आणि शेवटी रावण जळतो. त्यामुळे अॅमस्टरडॅममध्ये मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या राइक्सम्युझियम बघू," तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न टाकला, "भाव करू देतात का तिथं?"

नाही देत. तिकिटाचासुद्धा नाही. मी मनातल्या मनात युरोचे रुपये केले आणि पुन्हा तो गुणाकार करायचा नाही असं ठरवलं.

1885 साली आताच्या इमारतीत उघडलेलं हे डच लोकांचं राष्ट्रीय संग्रहालय. इतिहासाचंही आणि कलेचंही. पण माझा जीव जडला तो इमारतीच्या पोटातून आरपार जाणाऱ्या सायकलच्या रस्त्यावर. डोक्यावर देशाचा इतिहास आणि खालून माणसं भाजीच्या पिशव्या लटकावून सायकलवर घरी निघालेली. दुरुस्तीसाठी दहा वर्षं बंद राहून 2013 साली मुख्य इमारत पुन्हा उघडली, तेव्हा हा रस्ता सायकलवाल्यांनी भांडून राखला. असं राष्ट्र पुढे जाणारच. निदान सायकलवर तरी.

आत ऐंशी दालनं आणि आठ हजार वस्तू. त्यांतल्या बऱ्याचशा मी अदबीने न बघता ओलांडल्या. रेम्ब्राँच्या 1642 सालच्या 'नाइट वॉच'पुढे एवढी गर्दी होती, की चित्रातली माणसं कोणती आणि बघणारी कोणती ते कळेना. 1715 साली हे चित्र नगरभवनाच्या भिंतीवर मावेना, म्हणून चारी बाजूंनी कापलं होतं म्हणे. भिंत वाढवण्यापेक्षा चित्र कापणं सोपं, हा हिशेब कोणत्याही नगरपालिकेला पटेल. व्हर्मीरची दूध ओतणारी बाई बघून ही म्हणाली, "धार किती बारीक धरलीय बगा. घरात माणसं जास्त दिसायलेत." पुढे पेट्रोनेला ऑर्टमन नावाच्या श्रीमंत बाईचं बाहुलीघर होतं. ते सजवायला कालव्याकाठच्या खऱ्या घराएवढा खर्च आला होता. हे ऐकल्यावर ही पाच मिनिटं बोलली नाही. मग मला म्हणाली, "आणि तुम्ही मला साधी मांडणी घेऊ देईनात."

नंतर ती पेटी आली. साधी, लाकडी, पुस्तकं भरायची.

ह्यूगो ग्रोशियस हा मोठा कायदेपंडित. 1619 साली धर्म आणि राजकारण यांच्या भांडणात सापडला आणि जन्मठेप होऊन लूव्हस्टाइनच्या किल्ल्यात पडला. वाचनाचं वेड असल्याने पुस्तकांची पेटी बाहेरून भरून यायची आणि वाचून झालेली पुस्तकं घेऊन परत जायची. पहारेकरी सुरुवातीला झाकण उघडून बघत. मग कंटाळले. सरकारी तपासणीचा हा प्रवास आपल्याला वेगळा सांगायला नको. त्यांचा कंटाळा बरोबर हेरला तो ग्रोशियसची बायको मारिया हिने. 22 मार्च 1621 ला तिने नवऱ्याला पेटीत घातला आणि कुलूप लावलं. पेटीसोबत मोलकरीण एल्शे गेली. गोरिंखम गावात साहेब बाहेर निघाले आणि गवंड्याच्या वेषात पसार झाले. औंढ्याच्या नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना जसं अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन जावं लागतं, तसा हा माणूस काही तास होता. फक्त खाली देव नव्हता.

"दोन वर्षं पुस्तकं वाचून यांना सुचलं नाही," ही म्हणाली. "शेवटी बाईनंच डोकं चालवलं."

इथे मुलाने बॉम्ब टाकला. "बाबा, गंमत म्हणजे ग्रोशियसची पेटी डेल्फ्टच्या प्रिन्सनहोफ संग्रहालयातही आहे. आणि किल्ल्यातही एक दाखवतात."

तो आमच्या चेहऱ्याकडे आश्चर्य शोधत होता. त्याला ते मिळालं नाही. अरे, आम्ही हिंगोली जिल्ह्याची माणसं! नागेश ज्योतिर्लिंग औंढ्याचं, हे आम्हाला बाळघुटीबरोबर पाजलेलं. पण द्वारकेचे लोक म्हणतात ते त्यांच्याकडे, आणि उत्तराखंडात जागेश्वर म्हणतं ते आमचंच. आमच्या नरसीला संत नामदेवांचा जन्म झाला म्हणावं, तर पंढरपूरकडून कोणीतरी खाकरतं. नामदेव महाराजांची समाधी बघायला पंढरपूरच्या महाद्वाराच्या पायरीशी जावं, तर पंजाबात घुमानलाही समाधी. तिथे 2015 साली अख्खं मराठी साहित्य संमेलन जाऊन जेवून आलं. एका पुण्यवंताला एकच जागा पुरते, असा आमच्याकडे कोणाचाच समज नाही.

आणि पुरावा? औंढ्याला तो दगडात आहे. नामदेवांच्या कीर्तनाला अडवलं म्हणून देऊळच फिरलं, आणि नंदी मागे राहिला तो राहिलाच. असा पुरावा डेल्फ्टकडे असेल तर दाखवावा! तीन पेट्या आमच्याकडे असत्या तर तीन समित्या, तीन पावतीपुस्तकं आणि तिन्ही ठिकाणी त्याच दिवशी महाप्रसाद झाला असता. डच लोक मात्र गुपचूप आपापली पेटी पुसत बसतात. मला त्यात काही रस दिसला नाही.

पण ग्रोशियसची खरी मजा पुढे आहे. 1609 साली याच माणसाने पुस्तक लिहून सांगितलं होतं, की समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही. समुद्र कोणाचाच नाही आणि पेटी तिघांची!

शेवटी आशियाई दालन. तिथे तामिळनाडूतला बाराव्या शतकाच्या आसपासचा ब्राँझचा मोठा नटराज उभा. मध्ये एकदा त्याला ट्रकमध्ये घालून रॉटरडॅमच्या कस्टमवाल्यांकडे नेलं आणि ट्रकसकट त्याचा एक्स-रे काढला, अशी माहिती मुलाने दिली. निदान झालं : देव आतून भरीव. ज्वाळांची प्रभावळही भरीव आणि पायाखालचा असुरसुद्धा.

"हे सांगायला एक्स-रे कशाला पायजे?" असं म्हणत हिने चपला काढल्या आणि प्रदक्षिणा सुरू केली. शंकराची प्रदक्षिणा पूर्ण घालायची नसते. सोमसूत्रापाशी, म्हणजे अभिषेकाचं पाणी वाहून जातं तिथे, थांबून परत फिरायचं असतं. इथे सोमसूत्र कुठलं, तर जमिनीतल्या हवेच्या जाळीला तिने ते पद दिलं. जाळीपर्यंत जायचं, थबकायचं, मागे फिरायचं. पुन्हा जाळी, पुन्हा माघार.

कोपऱ्यातल्या सुरक्षारक्षकाला वाटलं, बाई वाट चुकल्या. तो नकाशा घेऊन आला आणि अत्यंत अदबीने दाराकडे हात केला.

"अरे थांब म्हणावं त्याला," ही मुलाला म्हणाली, "आणि घंटा कुठं लावलीय ते विचार."