प्रीसीझनचा नारळ

प्रीसीझनच्या बास्केटबॉलबद्दल माझी मतं फार ठाम आहेत. ती ऐकून घेणारा माणूस महाबळेश्वरात अजून सापडलेला नाही. बाजारपेठेत चण्याच्या दुकानाशी उभं राहून मी एनबीएचं नाव काढलं, की दुकानदार विचारतो, "शाखा कुठं उघडली?" घरात तर विषय काढायचीही सोय नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आधी मतं सांगून मोकळा होतो. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, खरा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि प्रत्येक संघ 82 सामने खेळतो. त्याआधी दोन-तीन आठवडे चालतात ते हे सरावाचे सामने. त्यांचा निकाल कुठल्याच तक्त्यात धरत नाहीत. 2012 साली लेकर्स सरावाचे आठच्या आठ सामने हरले आणि तरीही पुढे बाद फेरीपर्यंत गेले. म्हणून जाणकार मंडळी या सामन्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी पहाटे पाचचा गजर लावून बघतो.

त्यातही बघायचा तो चौथा क्वार्टर. नावाजलेले खेळाडू तोवर गळ्यात टॉवेल टाकून बाकावर बसलेले असतात. त्यांनी बसावंच. 2019 साली झायन विल्यमसन नावाच्या नवख्या पोराने सरावाच्या चार सामन्यांत सरासरी 23 गुण कुटले, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पहिला खरा सामना खेळायला जानेवारी उजाडला. मैदानात शेवटी उरतात ती करार पक्का न झालेली पोरं. शिबिराला वीसेक जण बोलावलेले असतात, मुख्य करार फक्त पंधरा. दोघे-तिघे दुय्यम करारावर तगतात, बाकीच्यांना नारळ. संघ वीस गुणांनी मागे असतो, लोक गाड्या काढायला निघालेले असतात, आणि असा एखादा पोरगा रेषेबाहेर निघालेल्या चेंडूसाठी अंग झोकून देतो. कोट्यवधींचा करार खिशात पडल्यावर त्याच चेंडूकडे माणूस नुसता बघतो.

आमच्या गावाला खरं तर हे समजावून सांगायला नको. पाऊस उघडला की भिंतींना बांधलेलं गवत आणि प्लास्टिक सोडायचं, ओलसर गाद्या उन्हात टाकायच्या, गीझर पेटतो का बघायचं, नव्या पोऱ्याला ट्रे धरायला शिकवायचा. जो चहा सांडायचा तो दिवाळीची गर्दी चढायच्या आत सांडून घ्यायचा. महाबळेश्वरचा अख्खा ऑक्टोबर म्हणजे प्रीसीझनच.

आमच्याही घरामागे भाड्याने द्यायच्या तीन खोल्या आहेत. 2019 च्या ऑक्टोबरात त्या रंगवायच्या होत्या, आणि नेमकी तेव्हाच एनबीए मुंबईत आली. 4 आणि 5 ऑक्टोबर, वरळीचा एनएससीआय डोम, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. एनबीएचे संघ भारतात पहिल्यांदाच खेळणार होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईचे, म्हणजे मराठी माणसाने किंग्जच्या बाजूने असायला हवं. मी पेसर्सचा. कारण विचारू नका, त्यांची पिवळी जर्सी मला आवडते.

अडचणी दोन होत्या, रंगारी आणि नवरात्र. घरात घट बसलेले, अखंड दिव्यात तेल घालायचं काम माझ्याकडे. चेंडू बघायला मुंबईला जातो म्हटलं असतं, तर आईने मलाही घटाशेजारी बसवलं असतं. म्हणून म्हटलं, "मुंबईच्या महालक्ष्मीला जाऊन येतो." यात खोटं काही नव्हतं. डोमपासून देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आईला इतका आनंद झाला की तिने खण, तांदूळ, नारळ अशी साग्रसंगीत ओटी पिशवीत बांधून दिली. बायको काही बोलली नाही. रंगाऱ्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे ना, एवढंच तिने तपासलं.

रात्रीची एसटी धरली. पसरणी घाट उतरेपर्यंत स्वेटर, खाली वाईला उकडायला लागल्यावर जर्सी. पाठीवर 4 आकडा आणि वर नाव ओलाडिपो. व्हिक्टर ओलाडिपोचा गुडघ्याजवळचा स्नायुबंध जानेवारीतच फाटला होता, हे मला ठाऊक होतं. पण सरावाचाच तर सामना, पाच मिनिटं तरी उतरवतील, असा माझा होरा. तो उतरला थेट पुढच्या जानेवारीत.

सकाळी दादरच्या फलाटावर पाहतो तो बायका एकजात राखाडी. साड्या राखाडी, कुडते राखाडी, एकीचं मोबाइलचं कव्हरसुद्धा राखाडी. एका बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कळवळून म्हणाल्या, "भाऊ, पिवळा परवा झाला. आज राखाडी." देवळाची रांग बघून मी दर्शन सामन्यानंतर घ्यायचं ठरवलं आणि संध्याकाळी ओटीसकट डोमच्या दारात उभा राहिलो.

पिशवी तपासणाऱ्याने नारळ बाहेर काढून हातात तोलला.

"ये क्या है?"

"नारियल."

"वो तो दिख रहा है."

मैदानात फेकून मारता येईल अशी वस्तू आत नेता येत नाही, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, मी आयुष्यात कधी काही नेमकं फेकलेलं नाही, बास्केटमध्ये चेंडूसुद्धा नाही. त्याला पाझर फुटला नाही. नारळ टेबलाखाली जप्त झालेल्या बाटल्यांच्या रांगेत जाऊन बसला. "खतम होने से पहले ले जाना, बाद में मैं नहीं रहूंगा," एवढी सवलत मिळाली. खण-तांदूळ माझ्याबरोबर आत आले.

शेजारच्या खुर्चीवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. शाळेच्या संघात खेळणारी. तिला मी प्रीसीझनचं तत्त्वज्ञान सांगायला घेतलं. तिने ते मुकाट्याने ऐकलं आणि विचारलं, "काका, तुम्ही कालचा पाहिला नाही?" आदल्या दिवशीचा सामना खास शाळकरी मुलांसाठी होता, तीन हजारांवर मुलं आली होती. ती त्यांतलीच. तो सामना जादा वेळेत गेला, पेसर्सनी 132-131 असा एका गुणाने मारला, टी. जे. वॉरनने 30 गुण काढले. मोठ्या माणसांनी पैसे मोजून पाहिला तो दुसरा सामना, 130-106, एकतर्फी.

"काका, ओलाडिपो खेळत नाहीये," माझी पाठ वाचून ती म्हणाली.

"दुसऱ्या अर्धात आणतील."

"काका, त्याने कपडेसुद्धा बदललेले नाहीत."

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पेसर्सचा खेळ रंगात आला आणि फोन वाजला. रंगारी होता. तो काय विचारत होता ते मला ऐकू येत नव्हतं, मी काय ओरडत होतो ते त्याला नीट ऐकू गेलं. मी ओरडत होतो, "पिवळ्याला दे! अरे त्या पिवळ्याला दे!" मग म्हटलं, "हो हो, तसंच कर," आणि फोन ठेवला.

चौथा क्वार्टर सुरू झाला. नवी पोरं जर्सीची टोकं खोचत उठली. ज्यासाठी एवढा घाट घातला, तो क्षण हाच. आणि मला आठवला नारळ. आईसमोर नारळाविना कसा जाणार? मी उठलो. दाराशी तपासणारा बदललेला, नव्याला माझा नारळ ओळखू येईना. टेबलाखाली आणखीही दोन होते, म्हणजे घरी महालक्ष्मी सांगून आलेला मी एकटा नव्हतो. शेंडी ओळखून, वाद घालून, सही करून नारळ ताब्यात घेईपर्यंत आतून शेवटचा भोंगा ऐकू आला. त्या रात्री देवीचं दर्शन मात्र झालं, लांबून.

घरी पोचलो तर तिन्ही खोल्या लख्ख पिवळ्या. छतासकट. ओल सुकायच्या आत रंग मारल्यामुळे पापुद्रेही धरू लागलेले. रंगारी म्हणाला, "मालक, तुम्हीच म्हणालात, पिवळ्याला दे." दिवाळीत आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी दार उघडून विचारलं, "इथे कुणाची हळद झाली का?"

त्या दिवाळीआधी मी भिलारच्या एका स्ट्रॉबेरीवाल्या मित्राला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, यंदा पेसर्स विजेते. पेसर्स पहिले तिन्ही सामने हरले. त्यांतला दुसरा नेमका 27 ऑक्टोबरच्या पहाटे, नरक चतुर्दशीला, अंगाला उटणं लावून मोबाइलवर पाहिला. बायको पाणी गार होतंय म्हणून हाका मारत होती. किंग्ज तर पहिले पाचही हरले. मित्राने दोन्ही आकडे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "म्हंजे आपल्याकडं दोन्ही जामचाच माल पाठवलेला." पुढे ऑगस्ट 2020 मध्ये त्याच वॉरनने फ्लोरिडात एका सामन्यात 53 गुण काढले, तेव्हा मी गावभर सांगितलं की ह्याला मी वरळीलाच हेरला होता. पेसर्स मात्र पहिल्याच फेरीत मायामीकडून 4-0 असे साफ झाले.

2022 पासून असे सरावाचे सामने अबुधाबीत भरू लागले. तिथल्या तिकिटाची चौकशी करण्याइतका मी अजून धीट झालेलो नाही. एनबीएवाल्यांना माझी एवढीच विनंती आहे, की पुन्हा वरळीला याल तेव्हा सामने पितृपक्षात ठेवा. घट बसलेले नसतात, रंगारी रिकामे असतात, महाबळेश्वरात बुकिंग नसतं आणि कुठल्या दिवशी कुठला रंग, हे कोणी विचारत नाही.