दहा फुटांचा मोह

फुटबॉल हा राज्य खेळ असलेल्या गोव्यात, पेडणे असो वा डिचोली, बास्केटबॉल हाती आला की नवशिक्याला आधी डंकच हवा असतो. ड्रिबल आणि पास ही कामे इतरांची. गणित मात्र हट्टी आहे. रिंग ३.०५ मीटरवर. साडेपाच फुटी माणसाचा उंचावलेला हात साधारण २.१५ मीटरपर्यंत पोहोचतो आणि चेंडू वरून कोंबायला आणखी वीतभर लागते. म्हणजे उडी मीटरभराहून जास्त. पेडण्यातल्या मोपावर विमानालाही लांब धावपट्टी लागते. नवशिक्या दोन पावलांत झेपावू पाहतो.

यावर स्पड वेबचे नाव हमखास पुढे येते: जेमतेम एवढ्याच उंचीचा, तरी १९८६ची एनबीएची डंक स्पर्धा जिंकला. जिंकला खरा, पण आपल्याकडे त्याची उंची आहे, उडी नाही. ५ फूट ३ इंचांचा मग्सी बोग्स पास देत आणि चेंडू हिसकावत १४ हंगाम एनबीएत टिकला, हे उदाहरण कुणी देत नाही. पासचा फोटो कोण काढतो? राहिले गुण: डंकचे दोन, साध्या ले-अपचेही दोनच. तरीही लटकायचेच असेल, तर मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरची रिंग गाठावी आणि फोटोत जमीन येऊ देऊ नये.