गाडी लेट आहे म्हणे

इंग्रजी व्याकरणात मराठी मुलाला सगळ्यात जास्त कोण छळत असेल, तर ते डायरेक्टचं इनडायरेक्ट. अवतरणचिन्हं उडवा, 'दॅट' घाला, 'इज'चं 'वॉज' करा, 'हिअर'चं 'देअर', 'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे'. बोलणारा जे बोलला त्यातलं काही म्हणजे काही जागेवर राहू द्यायचं नाही, आणि वर अट अशी की अर्थ बदलता कामा नये! पोराला हे जमत नाही म्हणून आपण पोराला बोल लावतो. माझ्या मते पोर निर्दोष आहे. दुसऱ्याचं बोलणं पोचवण्याची मराठीची रीत वेगळी आहे आणि ती अधिक शहाणी आहे. पुराव्याला कल्याण-कर्जत लोकलच्या वाटेवरची उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही एकापाठोपाठची तीन स्टेशनं पुरेत.

सकाळची बदलापूरची फलाटावरची घोषणा घ्या. भोंग्यातली बाई मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सांगते की गाडी उशिराने धावत आहे. जिन्यावरून डबा सांभाळत धावत आलेला विचारतो, "काय म्हणाली?" शेजारचा मोबाइलमधून मान न काढता सांगतो, "लेट आहे म्हणे." झालं काम. हेच इंग्रजी नियमाने सांगायचं तर गाडी लेट 'होती'. होती म्हणजे? आता नाही? त्याच नियमाने गैरसोयीबद्दल रेल्वे दिलगीर 'होती'. दिलगिरी भूतकाळात जमा झाली आणि गाडी मात्र वर्तमानकाळात वांगणी स्टेशनच्या पलीकडे उभी! व्याकरणकारांनी एक पळवाट ठेवली आहे म्हणा: सार्वकालिक सत्याचा काळ बदलत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तो इनडायरेक्टमध्येही उगवतोच. ज्या 'रेन अँड मार्टिन'च्या व्याकरणाच्या पुस्तकावर आपल्या पिढ्या पोसल्या, त्यातले रेनसाहेब कराचीत हेडमास्तर होते. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. कराची ज्या सिंधमध्ये, फाळणीनंतर त्याच सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. रेनसाहेबांनी कराचीऐवजी कर्जत लोकलने नोकरी केली असती, तर 'गाडी लेट आहे' हे वाक्य त्यांनी सूर्याच्या शेजारी चौथ्या सीटवर बसवलं असतं.

पण मुद्दा काळाचा नाही, जबाबदारीचा आहे. इंग्रजी घटनेला मागे ढकलते. मराठी सांगणाऱ्यालाच बाजूला सरकवते. 'म्हणे' या दोन अक्षरांत 'मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, खोटं निघालं तर मला धरू नका' असं अख्खं प्रतिज्ञापत्र आहे. बदलापूर हे नाव कशावरून? इथे प्रवासातले घोडे बदलत म्हणे. घोड्यांना विचारायची सोय नाही, पण 'म्हणे' असल्यामुळे कोणी खोटंही पडत नाही. उल्हासनगरच्या मालावरचं 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' म्हणे. हा विनोद सांगणारे हजार भेटतील, तसा शिक्का स्वतः पाहिलेला एक भेटायची मारामार. बिल्डर छातीठोकपणे सांगतो, "स्टेशनपासून पाच मिनिटं." घर घेणारा तेच नातेवाइकांना सांगताना शेवटी हळूच जोडतो, "पाच मिनिटं म्हणे." पुढची वीस मिनिटं त्या 'म्हणे'त असतात. उलट अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख पाहा, शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. दगडात कोरायचं तर 'देऊळ बांधलं म्हणे' चालत नाही. तिथे राजाचं नाव आणि शक घालूनच बोलावं लागतं.

यावर व्याकरणाचे मास्तर हरकत घेतील की मराठीत घोटाळा होतो. 'सुरेश म्हणाला, मी पैसे देतो' हे तोंडी सांगितलं तर देणार कोण, सुरेश की सांगणारा? हरकत रास्त आहे. पण इंग्रजीने काय दिवे लावले? 'सुरेश टोल्ड रमेश दॅट ही वुड पे' यातला 'ही' कोण? मराठीत निदान "मी म्हणजे कोण रे?" असं विचारता येतं. इंग्रजीत दोघेही 'ही'च्या आड लपतात आणि बिल टेबलावर पडून राहतं. दुसरी हरकत पालकांची: हे सगळं ठीक, पण मार्कांचं काय? मार्क सोडू नयेत. नियम शिकवावाच, पण त्यामागचं कारणही सांगावं. निरोप देणारा वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी उभा असतो म्हणून इंग्रजी 'इथे'चं 'तिथे' करते. अंबरनाथला ऐकलेलं 'इथे' उल्हासनगरला जाऊन सांगताना 'तिथे' होणारच, एवढं कुठल्याही पासधारकाच्या पोराला कळतं. आणि सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल तर 'इज' तसाच ठेवायची मुभा इंग्रजीही देते. म्हणजे फिरून फिरून साहेबही आपल्याच फलाटावर येतो.

तिसरी हरकत जरा गंभीर आहे: 'म्हणे'मुळेच अफवा पसरतात. मला उलट वाटतं. अफवा पसरते ती 'म्हणे' गळाल्यावर. पहिला म्हणतो "रद्द झाली म्हणे", दुसरा म्हणतो "रद्द झाली", आणि तिसरा रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. 'म्हणे' टाकून द्यायचा हक्क फक्त डोळ्यांनी पाहणाऱ्याचा. वळणावर गाडीचं तोंड दिसतं, फलाटभर बॅगा पोटावर येतात, आणि कोणीतरी एकच शब्द ओरडतं: "आली!" त्याचं इनडायरेक्ट करायला तेव्हा कोणालाच वेळ नसतो.