विमान मळवायची कला

आमच्या घरात नव्या वस्तूला डाग पडू न देण्याची परंपरा आहे. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, सोफ्याला चादर आणि ती चादर मळू नये म्हणून वर जुनी चादर. अशा घरात वाढलेला मी रात्र रात्र जागून एका स्वच्छ, चकचकीत विमानाला तेलाचे ओघळ, काजळी, बुटांचे ठसे आणि रंगाचे पोपडे लावत बसतो. विमान अर्थातच खरं नाही, कॉम्प्युटरवरच्या लढाऊ विमानांच्या खेळातलं आहे. पण मेहनत खरी आहे, पाठदुखी खरी आहे आणि ‘एवढ्या वेळात बाथरूमचं दार रंगवून झालं असतं’ हे घरातलं मतही खरं आहे.

या उद्योगाला स्किन करणं म्हणतात. खेळात विमान तयारच असतं, त्याच्या अंगावरचं चित्र तेवढं आपल्याला बदलता येतं. हे चित्र सपाट असतं. शिंप्याने बेतून ठेवलेला ब्लाऊज पाहिला असेल तर कल्पना येईल: पंख एका कोपऱ्यात, शेपूट भलतीकडेच आणि नाक मधोमध उभं चिरून पसरलेलं. पंखावरून सुरू झालेला पट्टा पोटावर जिथे पोचायला हवा तिथे तो पोचतोच असं नाही. सांधा जुळवण्यात माणसाचं तारुण्य जातं.

2001 साली ‘आयएल-2 स्टुर्मोविक’ हा खेळ आला, तेव्हा हे चित्र 1024 बाय 1024 ठिपक्यांचं होतं आणि रंग मिळायचे 256. त्या तुटपुंज्या डबीतून लोकांनी जर्मन, रशियन, फिनिश, जपानी अशी अख्खी हवाई दलं रंगवली. आता ‘डीसीएस वर्ल्ड’सारख्या खेळात एकेक चित्र 4096 बाय 4096चं असतं, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाख ठिपके. शिवाय कुठे चमक हवी, कुठे खरखरीतपणा हवा, याची वेगळी फाईल. हे सगळं खेळाला समजावून सांगणारी आणखी एक फाईल, आणि तिच्यात एक स्वल्पविराम राहिला की खेळ आपली सगळी कलाकारी गिळून ढेकरही देत नाही.

पण तंत्र हा सोपा भाग. खरं भांडण रंगावरून होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे बहुतेक फोटो कृष्णधवल, आणि या क्षेत्रातले जाणकार त्या फोटोंवरून हिरव्याची छटा ठरवतात. त्यातून काही जुन्या फिल्मना लाल रंग दिसतच नसे आणि पिवळाही काळपट उमटे. त्यामुळे ब्रिटिश विमानावरच्या गोलाचं पिवळं कडं फोटोत काळं दिसतं, आणि त्या काळ्यावरून दोन सभ्य, नातवंडं असलेली माणसं एकमेकांची अक्कल काढतात.

बर्माच्या आघाडीवरची हरिकेन रंगवायला घ्या. इंफाळच्या लढाईत 1944 साली आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन हीच विमानं उडवत होती. ब्रिटिश गोल म्हणून तुम्ही हौसेने मधला लाल ठिपका रंगवलात की संपलात. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा, घाईत आपल्याच विमानावर आपणच गोळ्या झाडू नयेत म्हणून या भागातल्या विमानांवरून लाल रंग हद्दपार केला होता. युद्धात असा ठिपका रंगवणाऱ्याला शत्रू समजून मारलं असतं. या छंदात अडाणी समजून मारतात.

गंमत म्हणजे खरी माणसं इतकी काटेकोर नव्हतीच. जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्तांच्या हजारो विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारायचे हुकूम अगदी शेवटच्या घटकेला सुटले. हाताला येईल तो ब्रश घेऊन तळावरच्या माणसांनी ते मारले. कित्येक पट्टे वाकडे, कडा फरफटलेल्या. आज आम्ही मंडळी आधी ते पट्टे पट्टीने सरळ आखतो आणि मग मोठ्या कष्टाने, पुराव्यानिशी, वाकडे करतो.

घाणीचंही एक शास्त्र आहे. डाग कुठेही टाकून चालत नाही, त्याला कारण लागतं. स्पिटफायरच्या कॉकपिटचं दार डाव्या बाजूला, म्हणून वैमानिक डाव्या पंखावर पाय देऊन चढणार. तेव्हा डाव्या पंखाचं मूळ जास्त झिजलेलं हवं. बंदुकांच्या तोंडांवर कापडाची लाल ठिगळं चिकटवलेली असत, आणि पहिली फैर झाडली की ती फाटत. म्हणजे ठिगळ शाबूत आणि मागे पंखाला काजळी, असं रंगवलं तर तुमचा वैमानिक खोटारडा ठरतो. माझ्या स्वतःच्या शर्टावर पडलेल्या डागाचं कारण मला कधी सांगता आलेलं नाही, पण 1940 सालच्या ओघळाचं मी पाच मिनिटं समर्थन करू शकतो.

एवढं करून ते बघतं कोण? वैमानिक म्हणून मी आत बसतो आणि माझ्यासमोर असतात घड्याळं. एक बटण दाबून बाहेरून पाहता येतं, पण लढाईत जो स्वतःचं विमान न्याहाळत बसतो त्याला ते पुढच्या क्षणी तुकड्यांत न्याहाळावं लागतं. माझी कलाकुसर सर्वांत जवळून आणि निवांत पाहण्याची संधी एकाच माणसाला मिळते: माझ्या शेपटीमागे येऊन मला पाडणाऱ्याला. त्यातही त्याच्या कॉम्प्युटरवर माझी फाईल नसेल तर त्याला दिसणार खेळातलं मूळचं कोरं विमान. शिवाय लढाऊ विमानाच्या रंगाचा हेतूच मुळी दिसू नये हा. पहाटे-संध्याकाळी ढगाखालून टेहळणी करणाऱ्या काही स्पिटफायर ब्रिटिशांनी चक्क फिक्या गुलाबी रंगवल्या होत्या, आकाशात मिसळून जाव्यात म्हणून. थोडक्यात, दिसू नये म्हणून शोधलेला रंग लोकांनी बघावा म्हणून मी रात्री जाळतो.

प्रेक्षक मिळाला तो अनपेक्षित. आम्ही नाशिकचे. 1964 साली ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला, त्यामुळे आमच्याकडे मिग-21 हे विमान कमी आणि नातेवाईक जास्त. 1963 साली चंदीगडला ते हवाई दलात दाखल झालं आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडलाच निवृत्त झालं. त्या आठवड्यात मी डीसीएसमधलं मिग-21 बिस भारतीय रंगांत करायला घेतलं. मध्ये केशरी, मग पांढरा, बाहेर हिरवा असा गोल, ‘सी’ने सुरू होणारा नंबर, आणि पोटाखाली 23 मिलिमीटर तोफेच्या मागे काजळीचा झकास फराटा. शेजारचे काका साखर मागायला आले होते. काकांची सगळी नोकरी विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये गेली.

“हे कुणी सोडलं असं?” काका स्क्रीनकडे बघत म्हणाले.

“काका, हे वापरातलं विमान आहे. मुद्दाम मळवलंय.”

“अरे, असं विमान आमच्याकडे यायचं. आमच्याकडून जायचं नाही.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने तीस-पस्तीस वर्षं जे खरवडून, धुऊन, पुसून काढलं, तेच मी एकेक ठिपका करून परत लावत होतो. मी माफी मागण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, खुर्ची ओढली आणि चाकाच्या कप्प्याच्या दारावर बोट ठेवलं.

“इथं कोरडं कसं? इथं कायम ओलं असायचं.”

मग साखर राहिली बाजूला. कुठल्या झाकणाचे स्क्रू रोज उघडतात, म्हणून कुठे रंग उडतो. मेकॅनिकचा तळवा कुठे टेकतो. शिडी कुठे घासते. सगळं काकांना पाठ होतं. स्वच्छतेत आयुष्य घालवलेल्या माणसाइतकी घाणीची माहिती कुणालाच नसते. पुढच्या रविवारी त्यांनी दोन निवृत्त सहकारी आणले, एक हायड्रॉलिकवाले, एक इंजिनवाले. चहा झाला, आणि ओघळ पाहून हायड्रॉलिकवाले ठामपणे म्हणाले, “हे तेल आमचं नाही, हे इंजिनाचं.” इंजिनवाले म्हणाले, “आमचं असतं तर काळं असतं.” वाद इतका पेटला की मला डाग पुसून दोघांच्या हद्दीच्या मधोमध, कुणाचाच वाटणार नाही अशा तपकिरी रंगात काढावा लागला.

अखेर तिघांनी विमान नाकापासून शेपटीपर्यंत फिरवून तपासलं आणि काकांनी मान हलवली. मी हात चोळत जॉयस्टिक पुढे ओढली.

“हे काय?” काका म्हणाले.

“उडवतो ना आता.”

“उडवायचं कशाला? खराब होईल.”