नाना आडवा झाला

मेहरूणचा नाना डोंगर चढायला येतो, पण त्यानं कुठला माथा पाहिल्याचं कोणाला आठवत नाही. त्याची नजर जमिनीपासून दीड फुटाच्या वर जातच नाही. आमची टोळी कॉलेजातली. केस गेले, गुडघे गेले, श्रावणातली पाटणादेवीची फेरी तेवढी टिकली. चाळीसगावला उतरायचं, जंगलात शिरायचं, धवलतीर्थाला भिजायचं आणि खाली येऊन वरण-बट्टी हाणायची. बेत सरळ आहे. पण वाटेत कुठंतरी "थांबा रे भो!" अशी हाक येते आणि नाना आडवा होतो.

पोटावर. चिखलात. इस्त्रीच्या शर्टासकट.

कळलावी दिसली की तासाची निश्चिंती. "पानाचं टोक पाहा, कसं वळलंय! त्यानंच झुडपाला धरून वर चढते. फूल आधी पिवळट, मग केशरी, मग लाल. कंद विषारी हं!" हे तो आम्हाला सांगतो की फुलाला, कळत नाही. इथं गौताळा अभयारण्यात पान तोडता येत नाही, म्हणून सगळं जागेवरच उरकायचं: फुलाचा फोटो, पानाचा वरून, पानाचा खालून, देठाचा. लग्नातसुद्धा माझे इतके फोटो निघाले नव्हते, असं वहिनी ऐकवतात. घरची तुळस दरसाल वाळते. तिला पाणी घालायचं काम नानाकडे आहे.

मापासाठी फुलाशेजारी रुपया ठेवावा लागतो. हल्ली सगळे मोबाइलवरून पैसे देतात, नाणं खिशात कोणाच्या असणार? मग आमच्यातल्या बँकवाल्याचा अंगठा धरून ठेवतात. त्यानं जन्मभर लोकांचे अंगठे घेतले, आता निवृत्तीनंतर त्याचा घेतला जातो.

टोळीतले गणिताचे सर सगळ्यांत जास्त वैतागतात. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, इथल्याच पाटण्यात मठ काढला. १२०७ सालचा तसा शिलालेख आहे. सरांच्या मते नानाबरोबर माथ्यावर कधी पोचू, हे गणित त्या मठातही कोणाला सुटलं नसतं.

दुर्मीळ फुलासाठी एकवेळ थांबू. पण नानाला गाजरगवतही चालतं.

"अरे, हे तर आपल्या मेहरूणच्या तलावाकाठी हवं तेवढं आहे!"

"मेक्सिकोकडचं आहे ते. पाहुण्याचा फोटो नको?"

एका वर्षी नाना आला नाही. आम्ही भराभर चढलो, भराभर उतरलो. बट्ट्या अजून भाजायच्या होत्या. तेवढा वेळ आम्ही एकमेकांच्या साखरेच्या गोळ्यांची नावं विचारत बसलो. इतकी रटाळ सहल दुसरी झाली नाही. परतताना बँकवाल्यानंच रस्त्याकडेच्या एका निळ्या फुलाजवळ गाडी थांबवली आणि सवयीनं अंगठा पुढं केला.

तेव्हा पावसाळ्यात पाटणादेवीला गेलात आणि वाटेत एखादा गृहस्थ पालथा पडलेला दिसला, तर घाबरून १०८ ला फोन लावू नका. उजेड अडवू नका, एवढंच. खिशात रुपया असेल तर देऊन जा. परत मिळायचा नाही.